खाऱ्या पाण्यातील शोभिवंत मासे : परोपजीवींचे निदान आणि प्रतिबंध

उल्हासनगर, अंबरनाथ आणि बदलापूर ही ठाणे जिल्ह्यातील तीन शहरे मध्य रेल्वेच्या कर्जत मार्गावर एकापाठोपाठ एक येतात. उल्हास नदी आणि बारवी धरण यांच्या गोड्या पाण्यावर या परिसराची तहान भागते. समुद्र येथून दूर आहे. मुंबईहून बदलापूर रेल्वेने सुमारे ६८ किलोमीटर पडते. तरीही समुद्रातील रंगीबेरंगी मासे घरातील काचेच्या टाकीत ठेवण्याचा छंद अशा गावांपर्यंत पोहोचला आहे. मुंबईच्या बाजारातून पिशवीत भरून आणलेला विदूषक मासा, निळा डॅमसेल किंवा पिवळा टँग लोकलच्या गर्दीतून सांभाळून घरी आणला जातो. घरातील मुले त्याला नाव ठेवतात आणि काही दिवसांतच तो कुटुंबाचा घटक बनतो.

मात्र या छंदाची एक दुःखद बाजूही आहे. हौसेने मांडलेली टाकी दोन-तीन आठवड्यांत ओस पडल्याचा अनुभव अनेकांना येतो. पाणी स्वच्छ दिसते, यंत्रे चालू असतात, खाद्यही वेळेवर दिलेले असते. असे असूनही मासे एकामागून एक मरतात. या मृत्यूंमागे पुष्कळदा डोळ्यांना सहसा न दिसणारे परोपजीवी असतात. त्यांचा जीवनक्रम समजून घेतला, तर यांतील बरेचसे मृत्यू टाळता येण्यासारखे आहेत.

समुद्रात सौम्य, टाकीत घातक

परोपजीवी ही निसर्गातील नित्याची गोष्ट आहे. समुद्रातील माशांच्या अंगावर आणि कल्ल्यांत ते थोड्याफार प्रमाणात आढळतात. परंतु समुद्र अफाट आहे. परोपजीवीने सोडलेली असंख्य पिल्ले प्रवाहाबरोबर वाहून जातात आणि त्यांपैकी फारच थोड्यांना दुसरा मासा सापडतो. काचेच्या टाकीत तसे होत नाही. दोनशे लिटर पाण्यात जन्मलेल्या पिल्लांना वाहून जाण्यास वाट नसते आणि माशांना पळून जाण्यास जागा नसते. त्यामुळे समुद्रात जेमतेम तग धरून राहणारा परोपजीवी टाकीत मात्र एका पिढीत शेकडो पटींनी वाढतो.

या रोगांचा इतिहासही हेच सांगतो. यांतील काही महत्त्वाच्या परोपजीवींची शास्त्रीय नोंद प्रथम मत्स्यालयांतील माशांवरून झाली. त्वचेवर चिकटणाऱ्या एका चपट्या कृमीचे वर्णन १९२७ मध्ये न्यूयॉर्कच्या मत्स्यालयातील माशांवरून करण्यात आले, तर ‘मखमली रोग’ घडविणारा जीव १९३१ मध्ये लंडनच्या मत्स्यालयातील अभ्यासातून प्रकाशात आला. मुंबईत १९५१ मध्ये सुरू झालेले तारापोरवाला मत्स्यालय समुद्राच्या काठावरच उभारले गेले. अंबरनाथ किंवा बदलापूर येथील छंदिष्टाला अशी सोय नाही. त्याला समुद्राचे पाणी कृत्रिम रीतीने बनवावे लागते आणि ते पुन्हा पुन्हा वापरावे लागते. म्हणून एकदा टाकीत शिरलेला परोपजीवी तेथेच ठाण मांडून बसतो.

पांढरे ठिपके आणि फसवी विश्रांती

खाऱ्या पाण्यातील माशांचा सर्वांत परिचित रोग म्हणजे पांढऱ्या ठिपक्यांचा रोग. क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स या एकपेशीय जीवामुळे तो होतो. माशाच्या अंगावर व परांवर रव्याचे कण शिंपडल्यासारखे ठिपके दिसू लागतात. मासा खडकाला अंग घासतो, जलद श्वासोच्छ्वास करतो आणि अन्न टाकतो.

या जीवाच्या जीवनक्रमात चार अवस्था आहेत आणि संपूर्ण उपचाराची किल्ली याच क्रमात दडलेली आहे. पहिल्या अवस्थेत तो माशाच्या त्वचेखाली शिरून तीन ते सात दिवस तेथील पेशींवर पोसतो. पांढरा ठिपका दिसतो तो या अवस्थेत. दुसऱ्या अवस्थेत पोट भरलेला जीव माशाला सोडून तळाकडे उतरतो व काही तास सरपटत राहतो. तिसऱ्या अवस्थेत तो वाळूला, खडकाला किंवा काचेला चिकटून स्वतःभोवती कठीण कोष तयार करतो. या कोषात त्याचे विभाजन होत राहते. कोष फुटण्यास तीन दिवसांपासून चार आठवड्यांपर्यंत, क्वचित त्याहूनही अधिक काळ लागतो. चौथ्या अवस्थेत एका कोषातून दोनशेच्या आसपास पोहणारी पिल्ले बाहेर पडतात आणि एक-दोन दिवसांत मासा न मिळाल्यास मरून जातात.

एका सामान्य घरात हा रोग कसा उलगडतो ते पाहू. शनिवारी नवा मासा आणून थेट टाकीत सोडला जातो. आठवड्याभरात अंगावर ठिपके दिसतात. दुकानातून आणलेले औषध टाकीत घातले जाते. तीन-चार दिवसांत ठिपके नाहीसे होतात, घरातील सर्वांना हायसे वाटते आणि औषध थांबविले जाते. वास्तविक परोपजीवी मेलेला नसतो. ठरलेल्या वेळी मासा सोडून तो वाळूत कोषस्थ झालेला असतो. औषध घातले नसते, तरीही ठिपके गेलेच असते. पंधरवड्यानंतर शेकडो पिल्ले एकाच वेळी बाहेर येतात. यावेळी नव्याबरोबर जुने, निरोगी मासेही मरतात आणि दोष औषधाला, पाण्याला किंवा नशिबाला दिला जातो. ठिपके जाणे म्हणजे रोग बरा होणे नव्हे, ही एक गोष्ट लक्षात ठेवली तरी अनेक टाक्या वाचतील.

त्वचेखाली दडलेल्या आणि कोषात बंद असलेल्या जीवापर्यंत औषध सहसा पोहोचत नाही. ते मारते ते प्रामुख्याने मोकळ्या पोहणाऱ्या पिल्लांना. म्हणूनच शेवटचा कोष फुटेपर्यंत उपचार अखंड चालू ठेवावा लागतो.

सारखी दिसणारी निरनिराळी दुखणी

सर्वच परोपजीवी पांढऱ्या ठिपक्यांनी आपली ओळख देत नाहीत. निदानात चूक झाली, तर उपचारही चुकतो. म्हणून मुख्य प्रकारांतील फरक जाणून घेणे आवश्यक आहे.

मखमली रोग : अमिलूडिनियम ओसेलेटम हा जीव प्रथम कल्ल्यांवर हल्ला करतो. त्यामुळे अंगावर काही दिसण्यापूर्वीच मासा धापा टाकू लागतो, पृष्ठभागाजवळ किंवा पंपाच्या प्रवाहात तोंड धरून राहतो आणि उजेड टाळतो. खोलीत अंधार करून विजेरीचा झोत बाजूने टाकला असता अंगावर बारीक सोनेरी-करड्या धुळीचा थर चमकताना दिसतो. हा रोग अतिशय वेगवान आहे. लक्षणे दिसल्यापासून एक-दोन दिवसांत मासा दगावू शकतो. एका कोषातून २५६ पर्यंत पिल्ले निघू शकतात.

ब्रूकलिनेला : हा रोग विशेषतः पकडून आणलेल्या विदूषक माशांत आढळतो. अंगावर ठिपक्यांऐवजी पांढुरका चिकट थर साचतो व तो सालीप्रमाणे सुटू लागतो. मासा सुस्त होतो. हा जीव कोष न करता सरळ दुभंगून वाढतो. त्यामुळे तो झपाट्याने पसरतो.

युरोनेमा : डॅमसेल जातीच्या लहान माशांच्या अंगावर लालसर, जखमेसारखे चट्टे पडतात. हा जीव पाण्यातील कुजक्या द्रव्यावरही जगतो. त्यामुळे अस्वच्छ टाकीत त्याचे फावते.

चपटे कृमी : नियोबेनिडेनिया यांसारखे कृमी काही मिलिमीटर लांबीचे असतात, पण जवळजवळ पारदर्शक असल्याने माशाच्या अंगावर ओळखू येत नाहीत. डोळे धुरकट होणे, अंग घासणे आणि खवले निघणे ही त्यांची लक्षणे. त्यांच्या अंड्यांना धागे असतात व ती जाळ्यांत आणि गाळणीत अडकून राहतात.

काही वेळा परांवर फ्लॉवरच्या गड्ड्यासारखी गाठ दिसते. तो परोपजीवी नसून लिंफोसिस्टिस नावाचा विषाणू असतो. त्यावर तांब्याचे औषध देणे व्यर्थ असते. चांगले पाणी आणि पोषक आहार मिळाल्यास ती गाठ बहुधा आपोआप जाते.

निदानाची पद्धत

निदानाचा आरंभ पाण्यापासून करावा. अमोनिया किंवा नायट्राइट वाढले, तरीही मासा धापा टाकतो व अंग घासतो. म्हणून प्रथम या दोन्ही घटकांची चाचणी करावी. तापमान, क्षारता आणि सामू यांचीही नोंद घ्यावी. पाणी निर्दोष आढळल्यासच परोपजीवीचा संशय धरावा.

दुसरी पायरी निरीक्षणाची. मासा नीट खातो का, एका मिनिटात कल्ले किती वेळा हलतात, तो कोठे थांबतो, यांची रोज एका वहीत नोंद ठेवावी. निरोगी असतानाचे आकडे हाताशी असले, म्हणजे बदल चटकन ध्यानात येतो. दिवे लावण्यापूर्वी आणि मालवल्यानंतर विजेरीने केलेली पाहणी विशेष उपयोगी ठरते.

तिसरी पायरी गोड्या पाण्याच्या स्नानाची. क्लोरीन काढलेले, टाकीतील पाण्याइतकेच तापमान व सामू असलेले आणि हवेचा पुरवठा चालू असलेले गोडे पाणी काळ्या रंगाच्या भांड्यात घ्यावे. मासा त्यात सुमारे पाच मिनिटे ठेवावा. चपटे कृमी पांढरे पडून गळतात व काळ्या तळावर तीळ सांडल्याप्रमाणे दिसतात. मासा आडवा होऊन निपचित पडल्यास तत्काळ परत खाऱ्या पाण्यात सोडावा. या स्नानाने कृमींचे निदान होते आणि माशाला तात्पुरता आराम मिळतो. मात्र त्वचेखालील पांढऱ्या ठिपक्यांचा जीव त्याने मरत नाही.

अखेरचा निर्णय सूक्ष्मदर्शक यंत्राचाच. त्वचेवरील चिकट द्रव आच्छादन-काचेने अलगद घेऊन समुद्राच्या पाण्याच्या थेंबात पाहिल्यास साध्या शालेय सूक्ष्मदर्शकाखालीही पुष्कळ काही कळते. पांढऱ्या ठिपक्यांचा जीव गोल, गर्द आणि सावकाश गिरक्या घेणारा असतो. मखमली रोगाचा जीव तपकिरी, नासपतीच्या आकाराचा व निश्चल असतो. ब्रूकलिनेला घेवड्याच्या दाण्यासारखा दिसतो, तर युरोनेमा काकडीच्या बीसारखा व अत्यंत चपळ असतो. ही कृती अनुभवी व्यक्तीकडून शिकूनच करावी. प्राणिशास्त्राचे प्राध्यापक व पशुवैद्यक यांचे मार्गदर्शन यासाठी मोलाचे ठरते. मुंबईतील वर्सोवा येथील केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्थेत मत्स्यरोगांचा अभ्यास व अध्यापन चालते.

उपचार : वेगळ्या टाकीतच

मोरचूद किंवा तांब्याची अन्य संयुगे हा पांढरे ठिपके व मखमली रोग या दोहोंवरील जुना आणि परिणामकारक उपाय आहे. साध्या मोरचुदाचा उपयोग करताना पाण्यातील मुक्त तांब्याचे प्रमाण लिटरला ०.१५ ते ०.२० मिलिग्रॅम एवढे ठेवतात. प्रमाण कमी झाल्यास परोपजीवी वाचतो, वाढल्यास मासा मरतो. त्यामुळे चाचणी-संचाने दिवसातून दोन वेळा मोजणी करणे अनिवार्य आहे. पांढऱ्या ठिपक्यांसाठी हा उपचार तीन ते सहा आठवडे चालतो. बाजारातील संयुक्त स्वरूपाच्या तांब्याच्या औषधांचे प्रमाण निराळे असते. ते वेष्टनावरील सूचनेनुसारच वापरावे.

प्रवाळ, कोळंबी, शंख-शिंपले यांना तांबे मारक आहे. शिवाय टाकीतील चुनखडीयुक्त खडक व वाळू तांबे शोषून घेतात, त्यामुळे प्रमाण राखता येत नाही. म्हणून मुख्य टाकीत तांब्याचे औषध कदापि घालू नये. मासे वेगळ्या, उघड्या तळाच्या टाकीत हलवून तेथे उपचार करावेत. मुख्य टाकी सहा ते दहा आठवडे माशांविना चालू ठेवावी. यजमान न मिळाल्याने कोषातून निघालेली पिल्ले उपाशी मरतात आणि टाकी औषधाविना शुद्ध होते.

पांढऱ्या ठिपक्यांसाठी दुसरा उपाय क्षारता उतरविण्याचा आहे. लिटरला ३५ ग्रॅम असलेली क्षारता दोन-तीन दिवसांत हळूहळू १५-१६ ग्रॅमपर्यंत आणून तीन ते चार आठवडे स्थिर ठेवतात. मखमली रोगाचा जीव मात्र फार कमी क्षारतेतही जगतो. त्यामुळे तेथे हा उपाय निरुपयोगी होय. गोड्या पाण्यातील गप्पी-मोलींवर उपचार करून सरावलेले छंदिष्ट येथे फसतात. गोड्या पाण्यात ठिपके दिसताच मीठ घालतात व तापमान वाढवितात. खाऱ्या पाण्यातील रोगाचा जीव निराळा आहे आणि तापमान वाढविल्यास श्वासासाठी धडपडणाऱ्या माशाला प्राणवायू आणखीच कमी पडतो.

चपट्या कृमींवर प्राझिक्वांटेल हे औषध देतात. अंडी औषधाला दाद देत नसल्याने ते काही दिवसांनी पुन्हा द्यावे लागते. ब्रूकलिनेलासाठी फॉर्मॅलिन वापरतात. परंतु ते मनुष्यालाही घातक असल्याने तज्ज्ञांच्या देखरेखीशिवाय हाताळू नये. लसूण किंवा अंग साफ करणारी कोळंबी यांच्या भरवशावर रोगी मासा सोडू नये. अतिनील दिव्याने पाण्यातील पिल्लांची संख्या घटते, पण रोगाचे निर्मूलन होत नाही.

प्रतिबंध : चार ते सहा आठवड्यांचा संयम

प्रत्येक नवा मासा चार ते सहा आठवडे स्वतंत्र टाकीत ठेवणे हा प्रतिबंधाचा पाया आहे. त्यासाठी मोठा खर्च नको. ६० ते ८० लिटरची साधी काचेची टाकी, स्पंजची गाळणी, हवेचा पंप आणि लपण्यासाठी प्लॅस्टिकच्या नळीचे तुकडे एवढे पुरे. तळात वाळू घालू नये. गाळणीचा स्पंज आधीपासून, माशांचा स्पर्श नसलेल्या पाण्यात तयार ठेवावा, अन्यथा अमोनियाच माशाचा जीव घेईल. माशासोबत आलेले पिशवीतील पाणी कोणत्याही टाकीत ओतू नये.

या टाकीची जाळी, बादली व नळी वेगळी असावी. वापरानंतर ती धुऊन उन्हात कडकडीत वाळवावी. मखमली रोगाची पिल्ले पाण्याच्या उडणाऱ्या तुषारांतूनही पसरू शकतात. म्हणून ही टाकी मुख्य टाकीपासून शक्य तितकी दूर, जमल्यास दुसऱ्या खोलीत ठेवावी. रोज आधी मुख्य टाकीचे व शेवटी या टाकीचे काम करावे. खडक, शंख व अन्य जीव यांच्यावरूनही कोष येऊ शकतात. तेही तितकेच आठवडे माशांविना वेगळे ठेवावेत.

खरेदी करताना मासा खातो आहे हे दुकानात प्रत्यक्ष पाहावे. शेजारच्या टाक्यांतील पाणी एकाच गाळणीतून फिरत असेल, तर एका रोगी माशामुळे सर्वच संशयित समजावेत. पैदास केंद्रात जन्मलेला मासा मिळत असल्यास त्याला अग्रक्रम द्यावा. विदूषक माशांची पैदास भारतीय संशोधन संस्थांनी साध्य केली आहे. असे मासे कोरडे खाद्य सहज खातात आणि प्रवाळातून पकडून आणलेल्या माशांपेक्षा परोपजीवींपासून बहुधा मुक्त असतात.

स्थानिक हवामान आणि पाणी

बदलापूर परिसरात उन्हाळ्यात पारा ४० अंश सेल्सिअसच्या पुढे जातो. समुद्री माशांना २४ ते २७ अंश मानवतात. पाणी तापले की त्यातील प्राणवायू घटतो, परोपजीवीचा जीवनक्रम मात्र वेगाने पुढे सरकतो. टाकी पश्चिमेच्या भिंतीला लावू नये. पंख्याने पाणी थंड राखल्यास बाष्पीभवनाने क्षारता वाढते. म्हणून रोज गोड्या पाण्याची भर घालावी. पावसाळ्यात वीज खंडित होण्याचा संभव लक्षात घेऊन बॅटरीवर चालणारा हवेचा पंप घरात असावा.

नळाच्या पाण्यात जंतुनाशक क्लोरीन असते. ते थेट वापरल्यास माशांचे कल्ले भाजून निघतात व इजा झालेल्या कल्ल्यांवर परोपजीवी सहज बसतो. शक्य असल्यास उलट परासरण यंत्राचे पाणी घेऊन त्यात समुद्री क्षारांचे तयार मिश्रण विरघळवावे. मिठागरातील खडेमीठ त्याची जागा घेऊ शकत नाही. कारण त्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम इत्यादी घटक योग्य प्रमाणात नसतात. कल्याणच्या खाडीचे पाणी खारट लागले, तरी त्यात सांडपाणी व कारखान्यांचे दूषित द्रव मिसळलेले असतात. ते टाकीसाठी वर्ज्य समजावे.

समुद्राचे देणे

टाकीतील पुष्कळसे समुद्री मासे आजही प्रवाळांच्या परिसरातून पकडून आणलेले असतात. महाराष्ट्रालाही मालवणच्या किनाऱ्यावर प्रवाळांचे वैभव लाभले असून तेथील सागरी अभयारण्य १९८७ मध्ये घोषित झाले. प्रवाळ व समुद्रघोडा यांना वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण आहे. त्यांची खरेदी-विक्री करण्याचा मोह कटाक्षाने टाळावा. टाकीत मेलेल्या माशाच्या जागी दुसरा आणला जातो, तेव्हा समुद्रातून आणखी एक मासा कमी होतो. रोगप्रतिबंध हा त्या अर्थाने निसर्गसंरक्षणाचाही भाग आहे.

मेलेले मासे जमिनीत पुरावेत. औषधाचे पाणी आणि नकोसे झालेले जिवंत मासे उल्हास नदीत, वालधुनीत किंवा गावतळ्यात सोडू नयेत. आधीच प्रदूषणाने पीडित असलेल्या या जलप्रवाहांवर नवा भार टाकणे कोणाच्याही हिताचे नाही.

शोभिवंत मत्स्यपालनाला २०२० पासून प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजनेतही स्थान मिळाले आहे. छंदातून व्यवसायाकडे वळू इच्छिणाऱ्या तरुणांनी मत्स्यव्यवसाय विभागाच्या जिल्हा कार्यालयाशी संपर्क साधून माहिती घ्यावी. मात्र व्यवसाय असो वा छंद, यशाचे सूत्र एकच आहे. नवा मासा घरी येताच मुले त्याला मोठ्या टाकीत पाहण्यास उत्सुक असतात. त्यांना सहा आठवडे थांबावयास सांगणे सोपे नाही. परंतु तेवढे थांबले, तर तोच मासा पुढे अनेक वर्षे त्यांच्या डोळ्यांसमोर विहरत राहील.